नात्याचा रकाना

खोटं बोलणारा माणूस मेलेल्याची फार स्तुती करतो, हे गाळणीसाहेबांना तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर त्यांना भरपूर गंडवून झालं होतं.

रंगाच्या गोदामात स्फोट झाला. गोदाम गेलंच, मागच्या गल्लीतल्या अर्ध्या इमारतीही गेल्या. सरकारने भरपाईची योजना काढली, पोस्टाच्या वरचा हॉल भाड्याने घेतला, त्यात आठ टेबलं आणि न फिरणारे चार पंखे ठेवले, आणि जाहीर केलं की ज्यांचं माणूस गेलं त्यांनी अर्ज करावा. ज्यांचं गेलं होतं ते आलेच. पण ज्यांचं कोणीच गेलं नव्हतं तेही आले, आणि तेच आधी आले. एकाच मामाचा एकच फोटो घेऊन दोन भाचे एकाच दिवशी आले आणि रांगेत त्यांची एकमेकांशी पहिल्यांदा ओळख झाली. एक गृहस्थ बायको गेली म्हणून हमसून हमसून रडले. बायको खाली चहाच्या टपरीवर बसली होती. फार उशीर झाला म्हणून तीच त्यांना शोधत वर आली.

असं दोन-चारदा झाल्यावर बाकीच्या सात टेबलांनी एकच सोपा उपाय काढला. कागद मागायचे. ज्यांचं घर उडालं त्यांच्याकडे घराचे कागद, ज्यांचा संसार जळला त्यांच्याकडे संसाराचे पुरावे. कागद नाही तर अर्ज नामंजूर, पुढचा. यात भामटे अडकत नव्हते, कारण भामट्यांकडे कागद चोख असतात. अडकायची ती साधी माणसं. गाळणीसाहेबांना याचा मनस्वी राग यायचा. चोर सुटू नये म्हणून घरधन्यालाच बाहेर ठेवायचं, ही कसली राखण, असं ते म्हणायचे, आणि म्हणून कोणाच्या फारसे आवडीचे नव्हते.

त्यांनी आपला एक प्रश्न तयार केला होता. सगळी विचारपूस झाली, अर्जदाराचे डोळे पुसून झाले, की ते पेन खाली ठेवून सहज विचारायचे, "त्यांचं तुम्हाला काय खटकायचं?" खोटा माणूस म्हणायचा, छे हो, देवमाणूस होता. खरं माणूस आधी गप्प व्हायचं, मग जे सुटायचं ते आवरायचं नाही. एका म्हातारीने वीस मिनिटं नवऱ्याच्या चष्म्याची कहाणी सांगितली. चष्मा शोधायला सगळ्या घराला कामाला लावायचे, आणि तो सापडला की म्हणायचे, मला माहीतच होतं तिथे आहे. हे सांगता सांगता ती जी रडायला लागली, ती तिला खाली रिक्षात बसवेपर्यंत थांबली नाही. तिच्याकडे एकही कागद नव्हता. तिचा अर्ज मंजूर झाला.

साहेबांच्या शेजारी टायपिस्टबाई बसायच्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि त्यांना आता कोणाची भीडभाड उरली नव्हती. गाळणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पुढे योजनेच्या अध्यक्षबाईसुद्धा साहेबांना त्याच नावाने ओळखायला लागल्या.

योजनेची मुदत संपायला दहा दिवस उरले होते आणि साहेबांच्या टेबलावर एक फाईल अडून बसली होती. पिंपवाल्याची. गोदामात रंगाची पिंपं लोटायचं काम करणारा एकटा माणूस, पन्नाशीचा. गोदामाच्या आत जे होते त्यांचं ओळख पटवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून मुकादमाच्या हजेरीत ज्यांची नावं तेच गेले असं धरलं होतं. पिंपवाल्याचं नाव हजेरीत नव्हतं. मुकादम म्हणत होता, तो महिनाभर आधीच काम सोडून गेला. मुकादमाने किती जणांची नावं हजेरीत न घालता त्यांना राबवलं होतं ते साहेबांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं.

पिंपवाल्याची थोरली बहीण दूरच्या गावाहून तीनदा येऊन गेली होती. सत्तरीची, गुडघे धरून जिना चढणारी. तिच्याजवळ भावाचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो होता आणि एवढंच सांगणं होतं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येणारा त्याचा फोन स्फोटापासून आला नाही. कुठे दुसरीकडे गेला असता तर मला सांगून गेला असता, ती म्हणायची. साहेबांचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता. पण तो महिनाभर आधी गेला नव्हता, शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जात होता, हे सांगणारं कोणीतरी हवं होतं. मागच्या गल्लीत तो राहायचा त्या इमारतीचा अर्धा भाग पडलेला, उरलेली माणसं पांगलेली. साहेब दोनदा गल्लीत चकरा मारून, न उघडलेली दारं वाजवून हात हलवत परत आले होते.

अशात शिवणवाली आली. पिंपवाल्याच्याच मजल्यावर राहणारी, कपडे शिवून पोट भरणारी, चाळिशी ओलांडलेली बाई. लग्न झालं नव्हतं, पण अकरा वर्षं आम्ही बरोबर होतो, असं तिने अर्जात लिहिलं होतं. नात्याच्या रकान्यात 'सोबती' असा शब्द होता. खुर्चीत ती जरा तिरकी बसली, डावा खांदा पुढे काढून, आणि साहेब बोलले की त्यांच्या ओठांकडे बघायची.

साहेबांनी नेहमीचं सगळं विचारलं आणि शेवटी पेन खाली ठेवलं.

ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, डाव्या पायातली चप्पल घासत चालायचे. अकरा वर्षं ती घासतच राहिली, एकदा दुरुस्त करून आणतील तर शपथ. दाराशी आले की हमखास किल्ली पाडायचे आणि मग त्या किल्लीलाच रागवायचे, जसं काही तिचीच चूक. डब्याचं झाकण रोज पाडायचे. गाण्याच्या दोनच ओळी म्हणायचे, तिसरी येतच नव्हती, आणि ती तिसरी येईल या आशेवर आपण बसलेलो. शिंका सातच. सहाव्या शिंकेनंतर थांबले की जीव टांगणीला लागायचा. आणि फोन करायला म्हणून खाली रस्त्यावर जायचे. घरात बसून बोलायला काय व्हायचं, ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

टायपिस्टबाईंची बोटं कधीच थांबली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो खराब असल्याची तक्रार केली. साहेबांना तर मनातून फार बरं वाटलं. एवढी खरी तक्रार त्यांनी वर्षभरात ऐकली नव्हती. बहिणीने हिचा उल्लेख केला नव्हता, पण भाऊ असल्या गोष्टी बहिणीला कुठे सांगतात. त्यांनी त्याच दुपारी मंजुरीची शिफारस लिहिली आणि फाईल अध्यक्षबाईंच्या ट्रेमध्ये नेऊन ठेवली.

संध्याकाळी घरी चहा करून घेताना त्यांना त्या किल्लीची आठवण आली आणि हसू आलं. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. घर नीटनेटकं होतं, जसं एकट्या माणसाचं असतं, म्हणजे कशाला हात न लावल्यामुळे. कप हातात घेऊन ते बसले आणि त्यांनी गंमत म्हणून तो प्रश्न स्वतःलाच विचारला. तिचं काय खटकायचं?

काही आठवेना. फार चांगली होती, एवढंच येत होतं. मुलगी फोनवर परवाच म्हणाली होती, आई नेहमी म्हणायची की बाबांसारखा माणूस मिळायला भाग्य लागतं. बायको असलं काही मेली तरी म्हणाली नसती. मुलीने बापाला बरं वाटावं म्हणून ते रचलं होतं, आणि तेव्हापासून साहेबांना झालं होतं भलतंच. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आणला की ती ते वाक्य बोलायला लागायची. कोणीतरी परकी बाई तिच्या खुर्चीत येऊन बसावी तसं. आता तर तक्रारही आठवत नव्हती. आपल्याच टेबलासमोर आपण अर्जदार म्हणून बसलो असतो तर आपला अर्ज फेटाळला असता, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते चांगलेच घाबरले.

चहा गार झाला तेव्हा कधीतरी ते आलं. हात. भांडी घासून झाली की ओला, गारठलेला हात ती मागून येऊन त्यांच्या कॉलरच्या आत घालायची. ते दचकायचे, चिडायचे, पेपर फाटायचा, आणि ती म्हणायची, ऊब घेते जरा. सव्वीस वर्षं हे चाललं आणि सव्वीस वर्षं ते चिडत राहिले. त्यांनी आपल्या मानेवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. त्यांना तिची फार आठवण आली, इतकी की आता कोणी येऊन बर्फाची लादी मानेवर ठेवली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात शिवणवालीच्या जबाबाची प्रत त्यांच्या टेबलावर होती. ती त्यांनी पुन्हा वाचली आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. मग पुन्हा वाचली, हातात पेन्सिल घेऊन. चप्पल घासणं. किल्ली पडणं. झाकण. गाणं. शिंका. जिन्यातला खोकला. आठ पानं भरून माणूस होता, पण त्याचा हात कुठे नव्हता. त्याच्या अंगाला रंगाचा वास येत होता का, ताटात तो काय टाकायचा, झोपेत पाय कुठे टाकायचा, त्याचा शर्ट कुठल्या रंगाचा होता, एक ओळ नाही. जे होतं ते सगळं ऐकलेलं होतं.

साहेबांनी अध्यक्षबाईंच्या ट्रेमधून फाईल काढून घेतली. सही झाली नव्हती, हे नशीब. बाई म्हणाल्या, तुमची गाळणीसुद्धा कधी फाटते वाटतं. साहेब म्हणाले, घराची पाहणी राहिली आहे. बाईंनी आठवण करून दिली की खोटा अर्ज निघाला तर नियम बारा लागतो. साहेबांना तो नियम पाठ होता. खोटा अर्ज करणाऱ्याचं प्रकरण पोलिसांकडे जातं आणि त्याचा दुसरा कुठलाही, अगदी खरा अर्जसुद्धा, कायमचा बाद होतो. सही होण्याआधी अर्जदाराने स्वतःच्या हाताने अर्ज मागे घेतला तरच सुटका.

शिवणवालीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पिंपवाल्याची तिच्या उजवीकडे, आता कुलूप आणि सील. त्याच्यापलीकडे जिथे तिसरी खोली असायला हवी तिथे आकाश होतं. साहेब आत गेले. शिलाई मशीन उजवीकडच्या, पिंपवाल्याच्या भिंतीला लावून ठेवलेलं होतं, खिडकीचा उजेड सोडून. शिवणकाम करणारी बाई मशीन उजेडात ठेवते, एवढं साहेबांनाही कळत होतं. स्टुलावर बसलं की डोकं जिथे टेकेल तिथे भिंतीचा चुना निघून एक तेलकट, गुळगुळीत डाग पडला होता.

साहेबांनी त्या डागाकडे पाहिलं आणि तिने त्यांना तिकडे पाहताना पाहिलं. तिने त्यांना खुर्ची दिली, आपण स्टुलावर बसली आणि मशीनचं चाक उगाच थोडं पुढे, थोडं मागे फिरवत राहिली.

"बाई, त्यांचा हात कसा होता?" साहेबांनी विचारलं. "गरम असायचा की गार?"

चाक थांबलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना लपवाछपवी काही केली नाही. अकरा वर्षांत बोलणं झालं ते जिन्यात. पाणी आलं का, आलं, गेलं का, गेलं. दोनदा पँट आखूड करायला दिली होती, तीही खडूने खूण करून, माप घ्यायला नको म्हणून. बाकी सगळं भिंतीतून. ते उठले की ही उठायची. ते बाहेर पडले की मशीन सुरू करायची आणि ते आले की थांबवायची, म्हणजे ऐकू यावं. घरात कोणीतरी असल्यासारखं वाटायचं. हळूहळू कोणीतरी म्हणजे तेच, असं होऊन बसलं. तिने कधी दार वाजवलं नाही. आज वाजवू, उद्या वाजवू, करत अकरा वर्षं गेली.

स्फोटानंतर यादी करणारे दारोदार आले. त्यांनी विचारलं, तुमचं कोणी गेलं का. ती म्हणाली, कोणी नाही. त्यांनी कोणी नाही असं लिहिलं आणि पुढच्या दारी गेले. त्या दिवसापासून तिला झोप लागली नव्हती. पैसे तिला नको होते. मिळाले असते तर त्यांचं काय करायचं हेही तिने ठरवलं नव्हतं. कुठल्या तरी वहीत त्यांच्या नावाशेजारी आपलं नाव पडावं, एवढंच.

"आणि आता ऐकू पण येत नाही," ती म्हणाली. "भिंतीला लावायचे तो कान त्या दिवशी गेला. पलीकडे काही वाजत नाही ते त्यांच्यामुळे की माझ्यामुळे, तेच मला समजत नाही, साहेब. कधी कधी वाटतं ते असतीलच. मलाच येत नसेल ऐकू."

साहेबांच्या मानेवर पुन्हा तो गारवा आल्यासारखं झालं. लबाडी पकडल्यावर माणसाला जो एक छोटासा आनंद होतो, तो त्यांनी वर्षभर चवीने घेतला होता. आज तो आसपासही फिरकला नाही.

पण ते आले होते कामाला. त्यांनी नियम बारा समजावून सांगितला. आधी हा अर्ज मागे घ्यायचा, मग कानाचा वेगळा अर्ज भरायचा, तो हक्काचा होता आणि ती बाई गेले अकरा महिने तो न भरता बसली होती. आणि मग त्यांनी बहिणीची गोष्ट सांगितली. मुकादम काय म्हणतो ते सांगितलं. शेवटचा महिनाभर ते कामावर जात होते का, एवढं त्यांनी विचारलं.

तिने विचार करायला क्षणही घेतला नाही. कामाच्या दिवशी कंपनीचे जड बूट, सुट्टीला चपला. बुटांचा आवाज जिन्यात वेगळाच. संध्याकाळी परत आले की मोरीत रंग निघेपर्यंत अंग घासायचे, तो आवाज. त्या महिन्यात चार सुट्ट्या सोडून रोज बूट. एक दिवस अंगात ताप होता, कण्हत होते, तरी बूट. त्या सकाळीही बूट. लगतच्या रहिवाशाचं तारीखवार निवेदन योजनेला चालत होतं. मुकादमाचं म्हणणं खोटं पडायला तेवढं पुरत होतं.

पण खोट्या अर्जदाराची साक्ष चालत नाही. आधी अर्ज मागे घ्यायला हवा, आणि मागे घेण्याच्या कागदावर एक वाक्य छापलेलं नसतं, ते अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात लिहायचं असतं. मृताशी माझं कोणतंही नातं नव्हतं.

ते वाक्य ऐकून ती उठली आणि तिने मशीनवर कापड टाकलं. विचार करून सांगते, ती म्हणाली. साहेब जिना उतरले. घाई केली तर ती दार लावून घेईल हे त्यांना कळत होतं. मुदत संपली तर बहीण रिकाम्या हाताने जाईल हेही कळत होतं.

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी बहीण आली, चौथ्यांदा जिना चढून. साहेबांनी तिला पाणी दिलं आणि कागद चाळता चाळता विचारलं की भाऊ फोनवर कधी शेजारपाजाऱ्यांबद्दल बोलायचा का. बहीण म्हणाली, नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, एखादी शिवणकाम करणारी बाई, कधी सहज, पँट दिली, असं काही. तो म्हणायचा, इथे माझं कोणी नाही, बहीण म्हणाली. दर वेळी तेच म्हणायचा. मी म्हणायचे, अरे दोन माणसं जोड, आणि तो हसायचा. तिने पदराने डोळे टिपले. साहेबांनी तिला उद्या, शेवटच्या दिवशी, दुपारनंतर यायला सांगितलं, कशाच्या जोरावर सांगितलं ते त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवशी अकराच्या सुमाराला शिवणवाली आली. रांग जिन्यापर्यंत गेली होती, हॉलमध्ये कोलाहल होता. साहेबांनी खुर्ची उचलून आपल्या टेबलाच्या उजव्या अंगाला ठेवली, म्हणजे तिचा चांगला कान त्यांच्याकडे येईल. ती बसली. तिने कागद पुढे ओढला, पेन घेतलं आणि ते टेकवलं नाही.

"एक विचारते," ती म्हणाली. "त्यांचं सगळं मी ऐकलं. फोन तेवढा नाही ऐकला. खाली जायचे ना. बहिणीशी बोलायचे ते. माझं काही सांगायचे का कधी?"

टायपिस्टबाईंनी मान वर केली. बहीण काय म्हणाली ते त्यांनीच टाईप केलं होतं. त्यांनी शिवणवालीच्या खांद्यावरून साहेबांकडे पाहिलं आणि हो म्हणा, अशी डोळ्यांनी खूण केली. मग भुवयांनी केली. मग सरळ ओठ हलवून केली.

हो म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि तो खोटा म्हणून कोणी कधी पकडला नसता. तिला आयुष्यभराला पुरलं असतं, कागदावर सही झाली असती, बहिणीचं काम झालं असतं. वर्षभर समोर बसून लोक साहेबांशी यापेक्षा कितीतरी हलक्या कारणांसाठी खोटं बोलले होते. साहेबांनी तोंड उघडलं. आणि त्यांना दिसलं की हा शब्द घेऊन ती घरी जाईल, त्या भिंतीशी बसेल, आणि जो माणूस तिने अकरा वर्षं कणाकणाने गोळा केला तो बाजूला सरून तिथे साहेबांनी रचलेला एक दुसराच माणूस येऊन बसेल.

"नाही," ते म्हणाले. "मी बहिणीला दोनदा विचारलं. एकदाही नाही. माझं इथे कोणी नाही, असं म्हणायचे."

टायपिस्टबाईंनी मान फिरवली. आता ही उठून जाणार, साहेबांना वाटलं. बहिणीला तोंड कसं दाखवायचं याचा विचार त्यांच्या मनात येऊनही गेला.

शिवणवाली पेनाकडे बघत राहिली. रडली नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "दार लावायचे ना, त्यावरून कळायचंच. घरात कोणी वाट बघणारं असलं की माणूस दार तसं लावत नाही." मग म्हणाली, "मी नीट ऐकलं होतं म्हणजे."

तिने कागदावर ते वाक्य लिहिलं, मोठ्या, सुट्या अक्षरात, मधे कुठे न थांबता. खाली सही केली. साहेबांनी शिक्का मारला आणि साक्षीदाराचा कोरा फॉर्म पुढे घेतला. मृताशी नाते, या रकान्याशी त्यांचं पेन अडलं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "शेजारी लिहा." साहेबांनी शेजारी लिहिलं.

मग त्यांनी टायपिस्टबाईंना तीस दिवसांच्या तारखा एकाखाली एक घालायला सांगितलं. रांगेतून कोणीतरी विचारलं, किती वेळ लागेल, आणि साहेब म्हणाले, लागेल तेवढा लागेल. पहिली तारीख त्यांनी मोठ्याने वाचली, तिच्या चांगल्या कानाजवळ.

"पावणेसहा," शिवणवाली म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते. "बूट. किल्ली पडली. रागावले तिला. आणि उतरले."

"पुढे," साहेब म्हणाले.